पाच चिठ्ठ्या, एक खेप

१५ नोव्हेंबर १९८८, मंगळवार

ही वही मी रागात सुरू करते आहे. शांत असले की मला लिहायला काही सुचत नाही.

आज काउंटरवर एका पावण्यांनी मला विचारलं, "बाई, ह्यो टीव्ही कधी चालू हुणार?" टीव्ही म्हणजे माझा कॉम्प्युटर. चालूच होता बिचारा. मी एका नोझलची चौकशी केली होती आणि उत्तराची वाट बघत होते. मागे बावीस माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेला इंजिनाचा मोडका तुकडा. त्यांच्या रानात शाळू पाण्यावाचून उभा आणि मी काचेकडे बघत बसलेली.

आमचा कारखाना उद्यमनगरात. विहिरीवर बसवायची डिझेल इंजिनं आम्ही करतो. चौदाशे सुट्या भागांची माहिती ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आहे. तिथून केबल माझ्या काउंटरला येते, हिशेब खात्याला जाते आणि अंगणापलीकडच्या स्टोअरला जाते. मी भागाचं नाव टाकायचं, तो शिल्लक आहे का याचं उत्तर यायचं, मग स्टोअरमध्ये चिठ्ठी छापली जायची आणि लालासाब चाचांनी तो भाग काढून खिडकीत द्यायचा. कागदावर हे सगळं फार छान दिसतं.

दुपारी मॅनेजर हंबीरराव साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "संक्रांतीपतूर रांग हटली पायजे. न्हायतर एक तर हे मशीन जाईल, न्हायतर स्टोअरातलं म्हातारं." चाचांना नोकरीत तीस वर्षं पुरी व्हायला दीड वर्ष उरलंय. माझ्या मशीनला पाच महिने झालेत. पण मशीन जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

१८ नोव्हेंबर

आज जेवणाच्या सुट्टीनंतर मी काउंटरवर शिपायाला बसवलं आणि स्टोअरच्या दारात घड्याळ घेऊन उभी राहिले. रांग कुठे अडते ते मला बघायचं होतं. बघितलं.

चिठ्ठी छापून आली. लालासाब चाचांनी ती वाचली, चष्म्याच्या डबीखाली ठेवली आणि दारातल्या माणसाला विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?" दुसरी चिठ्ठी आली, तीही डबीखाली. मी म्हटलं, "चाचा, चिठ्ठी आली की जात का नाही?"

"एका चिठ्ठीसाठी जाऊ? पाय काय भाड्यानं आणल्यात? येऊ देत की अजून दोन-तीन."

पाच झाल्यावर उठले. पाची चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या हातात लावल्या, वरखाली केल्या, आणि आत गेले. थोड्या वेळाने लाकडी पेटीत पाची जणांचे भाग घेऊन बाहेर आले. पाच माणसं एकदम मोकळी झाली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. पहिली चिठ्ठी मात्र अकरा मिनिटं डबीखाली आणि पेटीत पडून होती. मी आकडा लिहून घेतला आहे. तीन तासांत चौदा फेऱ्यांचे असे चौदा आकडे झाले.

मला त्यांचा राग येतो. गडमुडशिंगीहून आम्ही एकाच बसने येतो, आमच्या अम्माला ते बहीण मानतात, तरी येतो.

२२ नोव्हेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, "नजीराबाई, तुम्ही मोजमाप घेतलंय असं कळलं. जरा लिहून द्या की." मी दोन पानं लिहून दिली. रकाने पाडले, प्रत्येक चिठ्ठीला किती वेळ लागला ते घातलं, खाली सरासरी काढली आणि सही केली, नजीरा मुल्ला, बी.एस्सी. (गणित). साहेब म्हणाले, इतकं नेटकं लिहिणारं माणूस आपल्या खात्यात दुसरं नाही.

त्यांनी कागद खणात ठेवून कुलूप लावलं. महत्त्वाचा कागद आहे म्हणूनच लावलं असणार. जाताना त्यांच्या गावचा केरबा दारात उभा होता. तो नुकताच हंगामी म्हणून लागलाय. साहेब त्याला म्हणाले, "स्टोअर बघून ठेव जरा." चांगलं आहे, चाचांना हाताखाली माणूस मिळेल.

२९ नोव्हेंबर

मुंबईच्या कंपनीचे कर्णिक आले होते. प्रोग्रॅम त्यांच्या कंपनीचा. त्यांनी केबल तपासली, ठीक आहे म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला मोठं मशीन घ्यावं लागेल. शिवाय ऑपरेटर जरा सावकाश आहेत."

ऑपरेटर म्हणजे मी. मी विचारलं, "मशीन उत्तर देईपर्यंत मी काय करायचं, भजन?"

"बाई, हा प्रोग्रॅम साठ ठिकाणी चालतो. कुणाची तक्रार नाही. आणि कृपा करून त्याला हात लावू नका."

साठ ठिकाणची माणसं गप्प बसत असतील. मी कोल्हापूरची आहे. साहेबांनीही बजावलं, हात लावायचा नाही. हे दोघं एकामागोमाग असं बोलले नसते तर कदाचित मी लावलाही नसता.

२ डिसेंबर, शुक्रवार

आज तानाबाई म्हणून एक बाई आल्या, कोडोलीच्या. पिशवी काउंटरवर आपटली आणि एका दमात सांगून मोकळ्या झाल्या, दोन नोझल, पिस्टन रिंगांचा एक संच, गॅस्केट तीन आणि बाकी काय काय, सगळे मिळून नऊ प्रकार. मी पहिला टाकला. थांबले. उत्तर आलं. मग विचारलं, "दुसरं काय होतं, मावशी?"

"आगं, एकदम सांगितलं की तुला. परत परत काय इचारतीस?"

मी म्हटलं, मशीन एकेकच घेतं.

"मग तुझ्या मशीनला सांग, मी कोडोलीस्नं येतो. गल्लीत सात इंजिनं हाईत. एक माणूस जातंय आन् समद्यांचं घिऊन येतंय. रोज एकेकानं उठून कोल्हापूरची एष्टी धरली तर रानात कोण राबायचं?"

रांगेतले लोक हसले. मी हसले नाही. त्यांचे नऊ भाग विचारून व्हायला सहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ मी त्या एष्टीचाच विचार करत होते.

६ डिसेंबर

हात लावला. निदान डोळे तरी लावले. प्रोग्रॅमची छापील पानं काढून चार दिवस वाचते आहे, बसमध्येसुद्धा.

एका भागासाठी माझं मशीन मोठ्या मशीनकडे चार फायली मागतं. नावाची, शिल्लकेची, फळीची, बदली भागाची. प्रत्येक फाईल उघड म्हणून एक निरोप, शोध म्हणून दुसरा, वाचून दे म्हणून तिसरा, मिटव म्हणून चौथा. एका भागामागे सोळा निरोप. पुढच्या भागाला त्याच चार फायली पुन्हा उघडायच्या, पुन्हा मिटवायच्या. तानाबाईंच्या नऊ भागांना एकशे चव्वेचाळीस निरोप गेले आणि तितकीच उत्तरं आली. हिशेब खातं त्याच केबलवर बसलं की प्रत्येक निरोप वाटेत ताटकळतो. निरोपात असतं काय, चार अक्षरं. सगळा वेळ जाण्यायेण्यात जातो.

ऑपरेटर सावकाश म्हणे. उपाय सोपा आहे. गिऱ्हाइकाची सगळी यादी आधी घ्यायची, नंबरवार लावायची, एकच मोठा निरोप पाठवायचा आणि एकच मोठं उत्तर आणायचं. फायली सकाळी एकदा उघडायच्या त्या संध्याकाळीच मिटवायच्या. सगळ्यांनी थांबायचं आणि एकानं एका खेपेत सगळ्यांचं घेऊन यायचं.

७ डिसेंबर

कालचं शेवटचं वाक्य सकाळी बसमध्ये पुन्हा आठवलं. समोरच्याच बाकावर लालासाब चाचा बसले होते.

कामावर गेल्या गेल्या पुन्हा घड्याळ घेऊन स्टोअरच्या दारात उभी राहिले. या वेळी पाचव्या माणसाचा वेळ मोजला. पाच चिठ्ठ्या जमवून एक फेरी, सगळे मोकळे व्हायला बारा मिनिटं. मग मी एकेका चिठ्ठीला स्वतः आत जाऊन आले. पाच फेऱ्यांना अठ्ठावीस मिनिटं. आणि चाचा ज्या फळीवर डोळे मिटून हात घालतात ती मला शोधावी लागली, ते वेगळंच. फळ्यांवरचे नंबर तीनदा बदललेत, एकावर एक रंगवलेत. चाचा लांबच्या टोकाकडून सुरू करतात, जड भाग दाराजवळचे म्हणून शेवटी उचलतात. चिठ्ठ्या वरखाली करायच्या त्या यासाठी.

माझे आकडे खरे होते. मी पहिल्या चिठ्ठीचा वेळ मोजला आणि सगळ्यांचा म्हणून लिहून दिला. बी.एस्सी. म्हणून सही केली. मला माझी लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

साहेबांकडे जाऊन म्हटलं, माझा कागद परत द्या, चुकीचा आहे. म्हणाले, "आता कुठला? त्यो वर गेला."

१० डिसेंबर

चाचांना पत्र मिळालं. आजपासून सक्तीची रजा, संक्रांतीनंतर निवृत्ती. पत्राला माझी दोन पानं जोडली आहेत.

ते काउंटरवर आले. ती पानं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हे तुझंच अक्षर न्हवं?"

"व्हय, चाचा."

"अक्षर चांगलं हाय."

एवढंच बोलले आणि पानांची घडी घालून गेले. रांग तशीच होती. मी पुढच्या माणसाला "काय पाहिजे?" असं विचारलं असणार, कारण त्याला त्याच्या इंजिनाचा बुश मिळाला. मला काही आठवत नाही.

१३ डिसेंबर

प्रोग्रॅम बदलायला घेतला. साहेबांना विचारलं नाही. अम्मा म्हणाली, "नोकरी जाईल ग बाई."

"जाऊ दे."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांना नोझल पाहिजे, अम्मा."

माझं गणित सरळ आहे. मशीन चाचांच्या पद्धतीने चालवून दाखवायचं. ते पळायला लागलं की साहेबांना मानावंच लागेल की म्हातारा बरोबर होता.

२० डिसेंबर

जमलं. नऊ भागांची यादी, सहा मिनिटांऐवजी अडतीस सेकंद. मी तीनदा करून बघितलं. मोठ्या मशीनवर उत्तर देणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवला आहे, तो माझा निरोप घेतो, सगळं एकदम शोधतो आणि एकदम पाठवतो. दुपारपर्यंत काउंटरवर कुणी उरलं नाही.

साहेब येऊन बघून गेले. हात लावल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, उलट शाबासकी दिली. मी लगेच म्हटलं, "साहेब, ही पद्धत लालासाब चाचांची. त्यांचंच बघून केलंय. त्यांना परत बोलवा."

"म्हणजे म्हाताऱ्याचं आता मशीनला येतंय?"

"व्हय."

"मग म्हातारा कशाला पायजे?"

हे माझ्या गणितात नव्हतं.

२७ डिसेंबर

स्टोअरमध्ये केरबा आहे. साहेबांचा हुकूम, चिठ्ठी आली की पळायचं. माझ्याकडून चिठ्ठ्या आता भराभर सुटतात आणि केरबा प्रत्येकीमागे धावतो. रांग माझ्या काउंटरवरून उठून स्टोअरच्या खिडकीशी गेली आहे. आज घामाघूम होऊन माझ्याकडे आला, "बाई, तुमचं मशीन जरा हळू करा की. काल एका वायसरसाठी तीनदा आत गेलतो."

त्याचा काय दोष? फळी कुठली ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी जमवून जा म्हटलं तर म्हणाला, साहेब ओरडतात.

१ जानेवारी १९८९

चाचांच्या घरी गेले. आमच्यापासून दोन गल्ल्या. जुलेखा चाचींनी पाट दिला, पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. चाचा शेजाऱ्यांचा स्टोव्ह खोलून बसले होते. मी माफी मागितली. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले.

ते स्टोव्हची पिन साफ करत राहिले. मग म्हणाले, "हितं चार भिंतीत काय माफी मागतीस? बदनामी कागदावर केलीस. काढायची तर कागदावर काढ."

बरोबर आहे त्यांचं.

३ जानेवारी

आज कामगारांच्या सूचना फलकावर हा कागद लावला. नक्कल इथे ठेवते.

"स्टोअरकीपर लालासाब यांच्या कामाबद्दल मी २२ नोव्हेंबरला दिलेला अहवाल चुकीचा आहे. पहिल्या चिठ्ठीला अकरा मिनिटं लागतात हे खरं. पाच चिठ्ठ्यांना मिळून बारा लागतात हे मी लिहिलं नाही, कारण मी ते मोजलंच नाही. तेच काम एकेका चिठ्ठीने करायला अठ्ठावीस मिनिटं लागतात. काउंटरचं मशीन आज वेगात चालतं ते त्यांच्या पद्धतीने. चूक माझी. नजीरा मुल्ला."

दहा मिनिटांत साहेब लालबुंद. "काढा ते."

"मी काढणार नाही."

"मी काढतो."

"काढा. कार्बन घालून चार प्रती केल्यात, परत लावीन."

त्यांनी काढला. मी परत लावला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा फाउंड्रीची माणसं जेवणाचे डबे घेऊन फलकासमोरच बसली आणि साहेब केबिनमध्ये निघून गेले. संध्याकाळी मला मेमो मिळाला, शिस्तभंगाचा. आयुष्यातला पहिला. बसमध्ये मांडीवर उघडा ठेवून आणला.

१० जानेवारी

संक्रांत शनिवारी. खिडकीची रांग आज फाटकाबाहेर गेली. त्यात तानाबाई. या वेळी अकरा प्रकार. केरबा पाचव्या फेरीला दम खायला बसला तेव्हा त्या ओरडल्या, "आरं, त्यो चष्म्याचा म्हातारा कुठाय? त्यो समदं एकदम द्यायचा. ह्या पोराला का पळवाय लागलाय?"

नेमके मालक गाडीतून उतरत होते. त्यांनी विचारलं, कुठला म्हातारा? तानाबाईंनी सांगितलं. रांगेनेही सांगितलं, सगळ्यांनी एकदम. मालक फलकापाशी जाऊन माझा कागद वाचत उभे राहिले. मग मला विचारलं, "हे तुम्ही मोजलंय?"

"दोनदा. एकदा चुकीचं, एकदा बरोबर."

१७ जानेवारी

मालकांनी बोलावून घेतलं आणि चाचा आज कामावर आले. केरबा त्यांच्या हाताखाली आहे आणि फार खूश आहे. मी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला, चिठ्ठ्या आता एकेक छापत नाहीत. जमत राहतात आणि चाचांनी स्टोअरमधली कळ दाबली की सगळ्यांची मिळून एकच यादी येते. कधी निघायचं ते त्यांनी ठरवावं. यादी आली की ते पेन्सिलने प्रत्येक भागासमोर आकडा घालतात, आधी कुठला, मग कुठला, आणि त्या क्रमाने फिरून येतात.

माझ्याशी बोलत नाहीत. कळ कशी दाबायची तेही त्यांनी केरबाकडून समजून घेतलं. मेमो अजून माझ्या नावावर आहे.

२ फेब्रुवारी

साहेबांनी पुन्हा चहा पाजला. आता मी त्यांच्या चहाला भिते. म्हणाले, "फळ्यांचा क्रम मशीनमध्ये घाला. म्हणजे यादी लावूनच छापंल. महिनाअखेरपतूर. मग म्हाताऱ्याचं काय करायचं ते मी मालकांशी बोलतो. तुमच्या मेमोचंबी बघू."

मी म्हटलं, क्रम चाचांच्या डोक्यात आहे. ते म्हणाले, विचारा. विचारलं. चाचा महिन्याने पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"केरबाला शिकिवतोय मी, चालवत चालवत. दीड वर्सात येईल त्येला. तुझ्या मशीनला न्हाय सांगणार."

"बरं केलंत, चाचा," मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. विश्वास बसला नसावा.

२६ फेब्रुवारी

चाचांच्या पेन्सिलचे आकडे घातलेल्या याद्या मालाबरोबर काउंटरला परत येतात, ताळा जुळवायला. माझ्या खणात त्या अडीचशेच्या वर झाल्यात. या यादीत हा भाग त्याच्या आधी, त्या यादीत तो तिसऱ्याच्या आधी. अशा जोड्या लावत गेलं की सगळा रस्ता उलगडतो. गणित शिकलेल्या माणसाला दिसतंच ते.

काल त्या घरी आणल्या आणि आज रविवारी दुपारी राहवलं नाही. चार तास लागले. रोज मागणी असलेले सगळे भाग, लांबच्या टोकापासून दारापर्यंत, एका ओळीत लागले. चाचा बॉल बेअरिंग आधी का घेतात तेही कळलं, त्या कोपऱ्यात ऊन असेतोवरच नंबर वाचता येतात. इतकी सुंदर गोष्ट मी आजवर कागदावर उतरवली नव्हती. दोनदा वाचली. मग मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या पेटत्या बंबात घातली. अम्मा म्हणाली, कसला कागद ग? म्हटलं, चुकलेला.

२८ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, नाही.

"त्या याद्या हाईत की तुमच्याकडं. त्यातनं निघंल असं कर्णिक फोनवर म्हणाले."

"नाही निघत, साहेब."

"बी.एस्सी. गणित न्हवं तुम्ही?"

"व्हय. पण हे मला येत नाही."

मग त्यांनी वहीत लिहिलं, मला दिसेल असं, की ऑपरेटरची कुवत कमी पडते. मी कधी कुणापुढे एखादी गोष्ट येत नाही असं कबूल केलेलं नाही, शाळेतसुद्धा नाही. आज पहिल्यांदा केलं, आणि तेही खोटं. केबिनमधून बाहेर आले तेव्हा चाचा खिडकीत यादीवर आकडे घालत होते.